कलाशाळेचे माप आसनसंख्येने घेऊ नये

खान्देशात नाट्य, संगीत आणि नृत्य यांचे विद्यापीठीय शिक्षण कसे असावे, यावर जेव्हा जेव्हा बोलणे निघते तेव्हा ते थोड्याच वेळात एका सभागृहापाशी येऊन थांबते. सभागृह किती आसनांचे असावे, ते वातानुकूलित असावे की नसावे, जळगावला व्हावे की धुळ्याला, नंदुरबारच्या वाट्याला काय यावे आणि त्याला नाव कोणाचे द्यावे, एवढ्यावर सगळी चर्चा संपते. याच्या समोर उभा राहणारा दुसरा पक्ष म्हणतो की कला शिकवून येत नाही, वही हा लोकगीतप्रकार गाणाऱ्यांनी आणि तमाशातल्या सोंगाड्यांनी कोणत्या विद्यापीठाची पदवी घेतली होती, आणि हा सारा खर्च पाण्यात जाणार आहे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. पण सकाळी सहा वाजता तालमीच्या खोलीत कोण कोणाला काय शिकवणार, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझी भूमिका अशी आहे की विद्यापीठीय कलाशाळेची पहिली सुविधा म्हणजे विद्यार्थ्याला रोज मिळणारे तालमीचे तास आणि त्या तासांत त्याच्यासमोर असणारा शिक्षक. जागा, वाद्ये, दिवे, वसतिगृह, ग्रंथालय यांचा क्रम आणि त्यांच्यावरचा खर्च या तासांच्या हिशेबानेच ठरला पाहिजे, आणि मोठ्या सभागृहाचा नंबर त्यात सर्वांत शेवटी लागला पाहिजे.

आज आपल्याकडे शिक्षण कसे होते ते आधी पाहू. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांची मुले कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ‘युवारंग’ या युवक महोत्सवाची वर्षभर वाट पाहतात आणि तिथे खरोखरच गुणी मुले-मुली दिसतात. पण त्यामागची तयारी अनेक ठिकाणी कशी असते? महोत्सव तोंडावर आला की एखाद्या वर्गातील बाके भिंतीशी रचली जातात, मधल्या फरशीवर खडूने रंगमंचाची चौकट आखली जाते, शहरातून एक दिग्दर्शक बोलावला जातो आणि तो हातात असलेल्या दिवसांत एकांकिका ‘बसवून’ देतो. मुलांना कोणत्या वाक्यावर किती पावले चालायचे ते पाठ होते. आवाज पोटातून कसा आणायचा, श्वास कुठे घ्यायचा, दिव्याचा झोत अंगावर घेऊन कसे उभे राहायचे, हे कोणी सांगत नाही, कारण सांगायला वेळच नसतो. पारितोषिक मिळाले तर फोटो निघतो आणि बाके जागेवर जातात. पुढच्या वर्षी तीच मुले पुन्हा पहिल्या पायरीवर उभी असतात. केळीच्या बागेला वर्षातून एकदा पूर आणून पाणी देता येत नाही, ते ठिबकने रोजच द्यावे लागते, हे ज्या मुलखाला चांगले कळते त्या मुलखाने कलेच्या बाबतीत मात्र एकदाच येणाऱ्या पुरावर विसंबावे, याचे आश्चर्य वाटते.

सभागृहाची मागणी करणाऱ्यांच्या म्हणण्यातील खरा भाग मी नाकारत नाही. खऱ्या रंगमंचाची उंची, विंगांची खोली, मागच्या पडद्यापर्यंतचे अंतर, प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याचा अंदाज, या गोष्टी वर्गखोलीत शिकता येत नाहीत. खान्देशातील एखादी हुशार मुलगी पुण्या-मुंबईला पहिल्यांदा जाते आणि प्रकाशयोजनेचा फलक समोर पाहून बावरते, तेव्हा तिच्या गुणवत्तेत काही कमी नसते. तिने ते यंत्र कधी हाताळलेलेच नसते. शिवाय चांगले सभागृह असले की बाहेरचे चांगले प्रयोग आणि मैफली गावात येतात आणि चांगले पाहणे-ऐकणे हाही शिक्षणाचा मोठा भाग आहे. हे सर्व मान्य करूनही एक साधा प्रश्न उरतो. मोठे सभागृह बांधल्यावर ते विद्यार्थ्यांना मिळणार किती? त्याच्या विजेचे आणि देखभालीचे पैसे उभे करायचे तर ते भाड्याने द्यावे लागते; मग संमेलने, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलने आणि निवडणुकीच्या काळातील मेळावे यांतून उरलेल्या तारखा विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. नाट्यगृहे खान्देशात अगदीच नाहीत असे नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, बंदिस्त नाट्यगृहही आहे. वर्षाकाठी दोन-चार प्रयोगांसाठी ती वापरता येतील. जी जागा आज कुठेच नाही ती तालमीची आहे.

इमारत आणि शिक्षण यांच्यातील नात्याचा मोठा धडा आपल्याच इतिहासात आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ती शाळा होती. पुढे मुंबईत त्यांनी विद्यालयासाठी मोठी वास्तू उभी केली, तिच्यापायी कर्ज झाले आणि १९२० च्या दशकात ती वास्तू सावकारांच्या हाती गेली. इमारत हेच शाळेचे सर्वस्व असते तर पलुस्करांचे काम तिथेच संपले असते. पण त्यांच्याजवळ राहून, त्यांच्या कडक शिस्तीत वर्षानुवर्षे शिकलेले विद्यार्थी तोवर तयार झालेले होते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे त्यातूनच पुढे आली. देवधरांनी मुंबईत १९२५ मध्ये, पटवर्धनांनी पुण्यात १९३२ मध्ये आपापली विद्यालये सुरू केली, आणि १९३१ मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही खान्देशातील गावोगावची मुले देतात. वास्तू गेली आणि शाळा उरली, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

कोणी म्हणेल की तो काळ वेगळा होता. मग स्वातंत्र्यानंतरचे पाहू. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ ची. इब्राहिम अल्काझी १९६२ मध्ये तिचे संचालक झाले, तेव्हा त्यांच्या हाती भव्य नाट्यगृह नव्हते. त्यांनी फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत प्रयोग केले आणि रवींद्र भवनाच्या आवारात झाडाखाली ‘मेघदूत’ हा खुला रंगमंच उभा केला. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश ही कामे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी करायची, हा त्यांचा दंडक होता. कर्नाटकातील हेग्गोडू हे तर शिवमोगा जिल्ह्यातील एक खेडे. तिथे के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सोबत्यांची ‘नीनासम’ ही संस्था १९४९ पासून नाटके करीत होती. तिचे स्वतःचे रंगमंदिर १९७० च्या दशकात झाले आणि नाट्यशिक्षण केंद्र १९८० मध्ये. इथे रंगमंदिर शाळेच्या आधी आले, हे मी लपवत नाही. पण त्याच्याही आधी वीसहून अधिक वर्षे गावातील माणसे एकत्र येऊन नाटक करीत होती, आणि कोणत्या प्रकारचा रंगमंच हवा हे त्यांना त्या अनुभवातून कळलेले होते. १९८५ पासून तिथून शिकून निघालेल्यांचे ‘तिरुगाट’ हे फिरते पथक कर्नाटकभर प्रयोग करीत आले आहे. खेड्यात राहूनही हे घडू शकते. मात्र त्यासाठी आधी काम आणि मग वास्तू, हा क्रम पाळावा लागतो.

आता तालमीच्या जागेविषयी, कारण ‘साधी खोली पुरेल’ असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. कथक किंवा लावणी शिकणारी मुलगी रोज तीन तास सिमेंटच्या फरशीवर पाय आपटते तेव्हा तो आघात नडगी, गुडघा आणि कंबर यांच्यावर परत येतो. म्हणूनच नृत्याच्या खोलीत जमिनीपासून थोडी उचललेली, आत पोकळी असलेली लाकडी तक्तपोशी लागते. गुळगुळीत गिलाव्याच्या उघड्या भिंतींत आवाज इतका घुमतो की तंबोऱ्याचा षड्ज नीट ऐकू येत नाही आणि गाणाऱ्याला आपला कणसूर कळत नाही. वाद्यांचेही तसेच. जळगाव-भुसावळचे तापमान मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाते. त्या कोरड्या उन्हात तबल्याचे आणि ढोलकीचे कातडे ताणून चढते, आणि आषाढात तेच सैल पडते. वाद्ये खरेदी करून कपाटात कुलूपबंद ठेवल्याने ही अडचण सुटत नाही. ती बांधणारा, शाई भरणारा, वादी ओढणारा कारागीर शाळेशी कायमचा जोडलेला असावा लागतो, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्याजवळ बसून ते काम पाहिले पाहिजे. अंदाजपत्रकात ‘वाद्यखरेदी’ हा रकाना नेहमी दिसतो. ‘वाद्यदुरुस्ती’ हा रकाना कोणी पाहिला आहे का?

ज्या तांत्रिक अनुभवासाठी सभागृह मागितले जाते, तो अनुभव देण्याचा स्वस्त आणि अधिक उपयोगी मार्ग आहे. भिंती काळ्या, आसने हलवता येणारी, छताखाली दिवे टांगण्यासाठी लोखंडी जाळी आणि शंभर-सव्वाशे प्रेक्षक बसतील एवढी जागा, अशी प्रयोगशाळा हा जगभरच्या नाट्यशाळांचा कणा असतो. तिथे विद्यार्थी शिडीवर चढून स्वतः दिवा लावतो, चुकला तर उतरून पुन्हा लावतो, आणि त्याच्यामागे पुढच्या कार्यक्रमाचे आयोजक घाई करत उभे नसतात. तिच्या जोडीला एक खुला रंगमंच असावा. खान्देशात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर संध्याकाळनंतर तो वर्षभर वापरता येतो, आणि त्याला वातानुकूलनाचे बिल येत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक गंभीरपणे घ्यायला हवे, कारण त्यामागे अनुभव आहे. कानबाईची गाणी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, गुलाबाईची गाणी कोणत्याही वर्गात शिकवली गेली नाहीत. नंदुरबारकडच्या सोंगाड्या पार्ट्या, म्हणजे लोकनाट्याची पथके, रात्ररात्र गावाला जागवतात, त्यांतील नटाला अभिनयाचे प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. ज्या कवयित्रीचे नाव २०१८ मध्ये या विद्यापीठाला दिले गेले, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मग विद्यापीठाची गरजच काय? माझे उत्तर असे की ही सर्व उदाहरणे शिक्षणाच्या अभावाची नसून एका वेगळ्या, फार कडक शिक्षणाची आहेत. तमाशाच्या फडातला मुलगा वर्षानुवर्षे रोज रात्री बोर्डावर म्हणजे रंगमंचावर उभा राहतो, थोरांच्या मागे झील धरतो, आणि मगच त्याला वगातील भूमिका मिळते. जुन्या संगीत नाटक मंडळ्या तरी दुसरे काय होत्या? नारायण राजहंस या मुलाने जळगावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे प्रारंभीचे धडे घेतले, १९०५ मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत आला, तिथे गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच्याकडून नाटकांच्या तालमी करून घेतल्या, भास्करबुवा बखल्यांनी गाण्याची तालीम दिली, आणि त्यानंतर महाराष्ट्राला बालगंधर्व दिसले. मंडळी म्हणजे खाण्यापिण्याची आणि राहण्याची सोय असलेली, दिवसरात्र चालणारी फिरती शाळाच होती. ती मोडली, फडांची संख्या रोडावली, आणि त्यांनी दिलेले दीर्घ, रोजचे शिक्षण देणारी दुसरी व्यवस्था आपण उभी केली नाही. ती जागा आज विद्यापीठाने घ्यावी, एवढीच मागणी आहे. बहिणाबाईंच्या बाबतीत सांगायचे तर, त्यांच्या ओव्या घरातल्या मुलांनी लिहून ठेवल्या म्हणून आज आपल्या हाती आहेत. ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते अशा किती जणींची गाणी त्यांच्याबरोबर गेली असतील?

संस्थेत आणल्याने लोककला गोठते, हाही आक्षेप खरा ठरलेला मी पाहिला आहे; महोत्सवांतील एकसारखे पोशाख आणि ध्वनिमुद्रित संगीतावरचे ‘आदिवासी नृत्य’ कोणाला ठाऊक नाही? पण तो दोष शिकवण्याचा नाही, ज्याला येते त्याला बाजूला ठेवून शिकवण्याचा आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला कोकणा आदिवासींत थाळगान ऐकायला मिळते. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा चिकटवून त्यात एक बारीक सरळ काडी उभी रोवतात. तिच्यावरून बोटे वरून खाली हलकेच ओढली की थाळी घुमू लागते, आणि त्या अखंड नादावर गाणारा कथा लावतो. मेण किती मऊ हवे, बोटांचा दाब कुठे वाढवायचा, कथेत वळण आले की नाद किती कमी करायचा, हे पुस्तकातून येणार नाही आणि चित्रफितीतूनही पुरते येणार नाही. ते येणाऱ्या माणसाच्या शेजारी बसावे लागते. डोंगऱ्या देवाच्या उत्सवातील पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचे, काठी गावच्या होळीतील ढोलाचेही तेच. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आले आणि छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांना घेऊन काम करू लागले तेव्हा सुरुवातीला हे मोकळे नट त्यांच्या रंगमंचावर अवघडून जात. त्यांना हिंदीत बोलायला लावणे आणि आखून दिलेल्या हालचालींत बांधणे हेच चुकते आहे, हे तन्वीरांनी ओळखले, १९७३ मध्ये रायपूरला नाचाची कार्यशाळा घेतली आणि त्या नटांना छत्तीसगढीत बोलू दिले. पुढचे सारे यश त्यातून आले. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, मावची, पावरी या बोलींत वाढलेल्या आपल्या मुलांना पहिल्याच वर्षी ‘उच्चार सुधारा’ असे सांगणाऱ्या परीक्षकांनी या अनुभवाचा विचार करावा. प्रमाण मराठी त्यांना आलीच पाहिजे, पण ती घरच्या बोलीच्या जोडीने.

यासाठी नियम आडवे येतात असे सांगितले जाते. पूर्वी येत असतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर नेमायच्या प्राध्यापकांची, मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत औपचारिक पदवीची अट ठेवली नाही, २०२३ मध्ये कलावंत आणि कारागीर यांना शिक्षणसंस्थांत निवासी म्हणून नेमण्याची तत्त्वेही आली. म्हणजे एखाद्या ज्येष्ठ तमाशा कलावंताला, थाळगान करणाऱ्याला किंवा पावरीवादकाला मानाने आणि मानधनाने वर्गात बसवण्याचा रस्ता मोकळा आहे. पण याच व्यवस्थेतील एक धोकाही सांगितला पाहिजे. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची नेमणूक मुदतीची असते आणि ती जास्तीत जास्त चार वर्षे चालते. तिचा आधार घेऊन कायमची पदे भरायचीच नाहीत, असे झाले तर शाळा उभीच राहणार नाही. तासिका तत्त्वावर काम करणारा शिक्षक, ज्याला सुटीत मानधन नाही आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची खात्री नाही, तो विद्यार्थ्याच्या आवाजावर चार-पाच वर्षे चिकाटीने काम कसे करणार? आवाज, शरीर आणि ताल यांचे शिक्षण हे एका शिक्षकाच्या नजरेखाली सातत्याने व्हावे लागते. सभागृहाच्या कोनशिलेसाठी जो आग्रह धरला जातो त्याच्या निम्मा आग्रह मंजूर पदांसाठी धरला गेला असता, तर आज चित्र निराळे दिसले असते.

पुण्याला ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यकला आणि लोककला अकादमी आहेत, मराठवाड्याच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. मग ज्यांना शिकायचे त्यांनी तिकडे जावे, असाही एक सल्ला मिळतो. जे जाऊ शकतात त्यांनी अवश्य जावे. पण शहाद्याच्या किंवा धडगावच्या मुलीला पुण्यातील खोलीचे भाडे आणि खानावळ परवडते का, आणि तिचे आईवडील तिला एवढ्या लांब पाठवतात का, हे विचारल्याशिवाय हा सल्ला देणे बरे नाही. १९९० मध्ये पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन खान्देशाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते याच कारणाने की शिक्षणासाठी पुण्यापर्यंत जावे लागू नये. रसायनशास्त्राला हा न्याय लागू होतो, मग नाट्याला आणि संगीताला का नाही?

पोटापाण्याचा प्रश्न राहतो, आणि तो विचारणाऱ्या पालकांना हलके समजणे मला मान्य नाही. प्रत्येक विद्यार्थी नट किंवा गायक म्हणून जगेल असे आश्वासन कोणतीही प्रामाणिक कलाशाळा देऊ शकत नाही. मात्र ध्वनी आणि प्रकाश यांचे जाणकार तंत्रज्ञ, शाळांतील संगीत-नाट्य शिक्षक, ध्वनिमुद्रण आणि दस्तऐवजीकरण करणारे, वेशभूषा आणि नेपथ्य करणारे यांची गरज याच तीन जिल्ह्यांत आहे, आणि ही कौशल्ये शिकवायला कार्यशाळा लागते, सभागृह नव्हे. रंगमंचावर उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही या कामांपैकी एक तरी पूर्णपणे यावे, अशी सक्ती अभ्यासक्रमात असली पाहिजे.

शेवटी तासांचा हिशेब मांडतो. तीस विद्यार्थ्यांचा एक वर्ग, सहा-सहांचे पाच गट आणि तालमीची एकच चांगली खोली, असे धरा. ती खोली कार्यालयीन वेळेप्रमाणे अकरा ते पाच उघडी राहिली तर प्रत्येक गटाला दिवसाला सव्वा तासही मिळत नाही. तीच खोली सकाळी सहा ते रात्री दहा उघडी राहिली तर प्रत्येक गटाला तीन तासांहून अधिक मिळतात. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर भर दुपारी तालीम होतच नाही, पहाट आणि रात्र हीच कामाची वेळ असते. विद्यापीठाचे आवार जळगाव शहराबाहेर, गिरणेपलीकडच्या टेकडीवर आहे; रात्री दहाला तालीम संपल्यावर यावल, चोपडा किंवा पारोळ्याकडच्या मुलीने घरी कसे जायचे? म्हणून मुलींचे वसतिगृह तालमीच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवे, मधल्या रस्त्यावर दिवे हवेत, रात्रपाळीला एक जबाबदार कर्मचारी हवा आणि रात्रीचे जेवण उशिरापर्यंत मिळायला हवे. कलाशाळेचा प्रस्ताव यापुढे कोणत्याही बैठकीत आला तर त्यात या चार गोष्टींची तरतूद किती आहे, किती पदे कायम आहेत आणि तालमीची खोली किती वाजता बंद होणार आहे, हे सदस्यांनी पहिल्या पानावर लिहून मागावे. सभागृहाचा आराखडा पाच वर्षांनी करावा, आणि तो करताना वास्तुविशारदाच्या शेजारी या खोल्यांत शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी बसलेले असावेत.